पिवळ्या उजेडाची बॅटरी

आमच्या गल्लीतले जुने पिवळे दिवे काढून पांढरे बसवले, त्या आठवड्यात आई दोनदा पायरीवरून घसरता घसरता वाचली. गल्ली खूश होती. बंगळुरात जयनगरच्या आमच्या भागात झाडं इतकी दाट आहेत की जुन्या दिव्यांचा उजेड पानांतच अडकून राहायचा. आता संध्याकाळी सगळं लख्ख दिसायला लागलं होतं. आई मात्र म्हणाली, "हे कसले रे दिवे? डोळ्यांत पीठ उडाल्यासारखं होतंय. पहिले बरे होते की."

मी "हं" म्हणालो. त्या दिवसांत मी घरात बहुतेक गोष्टींना "हं" एवढंच म्हणायचो. कंपनीच्या बसमधून व्हाइटफील्डला जायचं, तिथे परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी दिवसभर ऐकायच्या, आणि संध्याकाळी परत त्याच बसमध्ये सिल्क बोर्डाच्या चौकात ब्रेक लाइटच्या लाल रांगा बघत बसायचं. घरी पोचेपर्यंत बोलायचं सगळं संपलेलं असायचं. बायको शाळेत शिकवते. ती सकाळी अंधारात निघते आणि दुपारी आल्यावर घर, आई, वह्या सगळं बघते. तीही दमलेलीच असायची. आम्ही दोघं एकमेकांना भांडी घासायची पाळी कुणाची, एवढंच विचारत होतो.

वडील गेल्यावर आईला मी मिरजेहून इथे आणलं. तिथे तिने उभं आयुष्य ब्लाउज शिवले. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं आणि पेठेतल्या बायांची मापं तिच्या डोक्यात होती. बाई दारातून आत येताना बघूनच ती सांगायची, हिचा डावा खांदा उतरलेला आहे, इथे जरा कापड सोडायला पाहिजे. इथे येईपर्यंत तिचे डोळे अधू झाले होते. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, कडा शाबूत आहेत. म्हणजे ती ज्याच्याकडे बघेल नेमकी तीच गोष्ट पुसली जायची, आणि आजूबाजूचं सगळं दिसायचं. मग तिने आपणच एक युक्ती शोधली. माणसाकडे बघायचं असलं की ती त्याच्या कानाच्या पलीकडे बघायची. नव्या माणसाला वाटे, मागे कुणी उभं आहे की काय. तो वळून बघायचा.

डोळ्यांच्या तपासणीला गेलो तेव्हा दिव्यांचा विषय मी सहज काढला. दृष्टी कमी झालेल्यांना सराव शिकवणारी एक मुलगी तिथे होती. तिने आईच्या चष्म्यावर पिवळी काच धरून पाहिली. आई म्हणाली, "आता अक्षराला कड आली." काहींना पिवळ्या उजेडात जास्त ठळक दिसतं, सगळ्यांनाच दिसतं असं नाही, पण करून बघा, असं ती मुलगी म्हणाली. पिवळा चष्मा आईने दोन दिवस लावला आणि ठेवून दिला. तो नाकावरून घसरायचा, आणि घरातसुद्धा ऊन पडल्यासारखं वाटतं, अशी तिची तक्रार होती. तिला दिवसभर पिवळं नको होतं. जे बघायचंय तेवढ्यावर उजेड पाडायचा आणि बाकी वेळ विझवून ठेवायचा, असं काहीतरी तिला हवं होतं.

"बॅटरीसारखं," ती म्हणाली. टॉर्चला आमच्याकडे बॅटरीच म्हणतात.

घरात एक लहानशी बॅटरी होती. बोटभर लांबीची, ॲल्युमिनियमची नळी, पुढे गोलात बसवलेले पांढरे एलईडी, मागे दाबायचं बटण, पोटात तीन बारीक सेल. बाजारात पिवळ्या उजेडाची तशी बॅटरी मिळालीही असती. पण आईला हीच मुठीत बसायची, हिचं बटण तिच्या अंगठ्याला माहीत होतं. मी सांगलीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला माणूस. पंचवीसेक वर्षांत सोल्डरिंग आयर्नला हात लावला नव्हता, तरी एवढं जमेल असं वाटलं. एका शनिवारी एस. पी. रोडला गेलो. त्या गर्दीत दुकानांच्या पुढ्यात डब्यांमधून एलईडी धान्यासारखे भरून ठेवलेले असतात. गडद पिवळे, केशरीकडे झुकणारे मूठभर घेतले, आयर्न घेतलं, आणि रिक्षात बसल्या बसल्या झोपलो. रिक्षावाल्याने घरापाशी हाक मारून उठवलं.

रविवारी दुपारी बाल्कनीत स्टुलावर काम मांडलं. बॅटरीचं तोंड फिरवून काढलं, आतली गोल चकती बाहेर घेतली. पांढऱ्या एलईडीचे पाय मागून सोल्डर केलेले होते. ते तापवून एकेक उपटायचे, भोकं मोकळी करायची, पिवळ्याचा लांब पाय अधिकाकडे आणि आखूड पाय उण्याकडे बघून घालायचा. काम किचकट नाही, पण चाळिशीनंतरच्या डोळ्यांना फार बारीक. आई शेजारी बसून मान तिरकी करून बघायचा प्रयत्न करत होती.

"सुईत दोरा ओवण्यासारखंच दिसतंय की," ती म्हणाली.

"त्याहून बारीक आहे."

"मग श्वास धरून कर. ओवताना श्वास धरायचा."

मी श्वास धरून केलं. सगळे बसले. सेल घालून बटण दाबलं, तर असा सुंदर उजेड पडला, मधासारखा, की बायको आतून उठून बघायला आली. "अय्या, किती छान!" ती म्हणाली, तेवढ्यात जळका वास आला. बघता बघता एकेक ठिपका मंदावला, आणि दोन तर कायमचे गेले.

चूक साधी होती. पांढऱ्यापेक्षा पिवळा एलईडी कमी व्होल्टेजवर चालतो. तीन सेलांचा जोर त्याला सोसत नाही, मध्ये रेझिस्टर घालून तो कमी करावा लागतो. हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी येत होतं. आता सगळं पुन्हा उपटा, पुन्हा लावा. मला त्या क्षणी ती नळी खाली गल्लीत भिरकावून द्यावीशी वाटली. रविवार संपत आला होता, सोमवार समोर दिसत होता. आईने विचारलं, "गेली का?" मी म्हणालो, "गेली. पुढच्या रविवारी बघू." ती म्हणाली, "घाई कुठं आहे."

पुढचा रविवार ऑफिसच्या कामात गेला. त्याच्या पुढच्या रविवारी मी प्रत्येक पिवळ्या दिव्याच्या पायाला एक लहान रेझिस्टर जोडला, जागा होत नव्हती म्हणून दिवे कमी केले, आणि ते सगळं कसंबसं नळीत कोंबलं. या वेळी उजेड आधीइतका सुंदर नव्हता, पण टिकला. खूप वेळ चालू ठेवून मी नळीला हात लावून बघत होतो. गार होती.

आईने पहिल्यांदा स्वतःच्या तळहातावर उजेड पाडला. मग ताटावर. स्टीलच्या ताटातला पांढरा भात तिला कधी दिसायचा नाही. आता कड दिसली. मग जिना. एकेका पायरीच्या कडेवर उजेड टाकत ती आपली आपण खाली गेली आणि आपली आपण वर आली. बायको माझ्याकडे बघून हसली. फार दिवसांनी हसली.

पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक प्रकार झाला. तळमजल्यावर एक कानडी आजी राहतात, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. त्यांच्याबरोबर आई देवळात गेली होती. परत आली तेव्हा बायकोने दारातच पाहिलं, निळ्या साडीवर विटकरी ब्लाउज होता. बायकोने तिच्या बाहीला हात लावला, तेवढ्यावरून आईला कळलं.

"काय झालं? काय घातलंय मी?"

बायकोने सांगितलं. आई पलंगावर बसली. पिवळ्या उजेडात कापडाची वीण दिसते, काठ दिसतो, पण रंग सगळे एक होतात. निळं काळं दिसतं, हिरवं मातकट दिसतं, विटकरी आणि तपकिरीत फरक उरत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं.

"उभा जन्म लोकांना मॅचिंग करून दिलं," आई म्हणाली, "आणि मी अशी गेले होय देवळात."

मी म्हणालो, थोडे पांढरे, थोडे पिवळे असे मिसळून बसवतो, म्हणजे रंगही कळेल. म्हणालो खरा, पण आयर्न पुन्हा काढायचं या विचाराने पाठ दुखायला लागली. ती म्हणाली, "नको. पांढऱ्यानं परत पीठ उडायचं. रंगाचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी बायको शाळेतून आल्यावर आईने तिला सगळ्या साड्या बाल्कनीतल्या उन्हात आणायला लावल्या. बायकोने रंग सांगायचा, जोडीचा ब्लाउज काढून द्यायचा, आणि आईने त्या ब्लाउजला साडीच्या घडीशी दोन कच्चे टाके घालून टाकायचे. सुया बायकोने आधीच ओवून ठेवल्या होत्या. टाके आईने बोटांनीच घातले. दोघी संध्याकाळपर्यंत ते करत बसल्या. नेसायच्या वेळी टाका तोडायचा, धुऊन आल्यावर परत घालायचा.

रंगाचं असं निभावलं. माणसांच्या तोंडांचं मात्र निराळं झालं.

आई बॅटरी माणसांच्या तोंडावर मारायला लागली. आमच्या जिन्याला खिडकी नाही, दिवसासुद्धा तिथे संध्याकाळ असते. कुणी समोरून आलं की ही थांबायची, हात वर करायची, बटण दाबायची आणि त्याच्या कानाच्या पलीकडे रोखून बघायची. कामवाली हसायची. वॉचमन सलाम ठोकायचा. दुसऱ्या मजल्यावर एक नवा भाडेकरू आला होता, तिशीतला, कायम घाईत. एका सकाळी तिने त्याला तसंच गाठलं. मी घरात बुटांचे बंद बांधत होतो, त्याचा आवाज वरपर्यंत आला. "आंटी, ये क्या कर रही हो आप? हटाइए ना!"

मी खाली पोचेपर्यंत तो निघून गेला होता. आई भिंतीला टेकून उभी होती. "कोण होता रे?" तिने विचारलं. "तरुण दिसला. दाढी होती बघ."

बसमध्ये बसल्यावर इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा मेसेज आला. एक वृद्ध बाई रहिवाशांच्या डोळ्यांवर लाइट मारतात, हे योग्य नाही, घरच्यांनी लक्ष द्यावं. खाली दोघातिघांचे अंगठे. मला राग आला नाही. राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं. आईची नजर अधू आहे, माफ करा, पुन्हा होणार नाही, असं मी लिहिलं आणि खिडकीला डोकं टेकलं. संध्याकाळी आईला सांगितलं, "लोकांच्या तोंडावर बॅटरी मारत जाऊ नकोस. त्यांना आवडत नाही."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती खाली जाईनाशी झाली. थंडीचे दिवस होते, बंगळूरभर अवरेकाळूचा, म्हणजे आपल्या पावट्याचा, हंगाम होता. दरवर्षी त्या दिवसांत आई दुपारी अक्कांकडे बसून भिजवलेल्या दाण्यांची सालं काढायची. दाणा चिमटीत धरून दाबला की आतला गर टुणकन बाहेर येतो. त्याला डोळे लागत नाहीत. मिरजेच्या बाजारातलं थोडंफार कानडी तिला येतं, तेवढ्यावर दोघींचं चालायचं. आता ती खुर्चीत बसून राहायची. बायको म्हणाली, "तू बोलल्यापासून." मी म्हणालो, "मग काय करू मी?" ती वह्या तपासायला बसली.

त्या शनिवारी दारावर टकटक झाली. अक्का होत्या. गुडघे धरत तीन मजले चढून आल्या होत्या, हातात पावट्याच्या भिजवलेल्या दाण्यांचं पातेलं. धापा टाकत मला म्हणाल्या, "एनप्पा, अम्म ऊरिगे होदरा?" आई गावाला गेली की काय, असं विचारत होत्या.

माझ्या मोडक्या कानडीत मी त्यांना सगळं सांगितलं. बॅटरी, भाडेकरू, ग्रुपवरचा मेसेज. त्या ग्रुपवर नव्हत्याच. ऐकून घेतलं, पातेलं खाली ठेवलं, आईच्या समोरची खुर्ची गुडघ्याला गुडघा लागेल इतकी पुढे ओढली आणि बसल्या. मग तोंड पुढे करून आईला म्हणाल्या, "नोडी. सरियागि नोडी." बघा, नीट बघा.

आई माझ्या दिशेला वळली. मी बॅटरी आणून तिच्या हातात दिली. बायकोने खिडकीचा पडदा ओढला. आईने बटण दाबलं आणि अक्कांच्या कानापलीकडे नजर लावून सावकाश उजेड फिरवला. कपाळापासून, भुवया, नाक, ओठ. अक्का फोटो काढून घेतल्यासारख्या ताठ बसल्या होत्या.

"हिच्या हनुवटीला तीळ आहे की," आई म्हणाली. "आणि दात पुढे आहेत जरा. हसरं तोंड आहे. मला वाटायचं, लांबट चेहऱ्याची, कडक बाई असेल. आवाज तसाच आहे ना."

"एनंते?" अक्कांनी मला विचारलं. काय म्हणतेय? मी दात वगळून बाकीचं सांगितलं. त्या तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या.

"रंग कसा आहे रे हिचा?"

"सावळा."

"हं." तिने बॅटरी मांडीवर ठेवली. मग मला म्हणाली, "मिरजेतली सगळी तोंडं मला पाठ आहेत. डोळे मिटले तरी पेठ दिसते. इथं आले तेव्हाच डोळे गेलेले. तीन वर्षं झाली, ह्या गावात मी एक तोंड धड बघितलेलं नाही. कुणाशी बोलते तेच कळत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

हे तिने आधी कधी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं.

"आता तू बस," ती म्हणाली.

"माझं काय बघायचंय? मला तर ओळखतेस."

"बस म्हणते ना."

अक्का उठल्या, मी त्यांच्या खुर्चीत बसलो. आईच्या हाताला पावट्याचा हिरवा वास येत होता, मघाशी तिने पातेल्यात हात घालून बघितला होता. पिवळा उजेड डोळ्यांवर आला. ती माझ्या खांद्याकडे बघत होती, म्हणजे माझ्या तोंडाकडे. उजेड कपाळावर जरा थांबला.

"केस गेले पुढचे," ती म्हणाली. मग, "डोळ्यांखाली सूज आहे. झोपत नाहीस का?"

"झोपतो की."

"मग हे काय?"

मी काहीतरी थट्टेचं उत्तर देणार होतो. "दमलोय गं," मी म्हणालो.

एवढं बोललो आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अक्का तिथेच उभ्या होत्या, बायको पडद्यापाशी होती, मला लाज वाटली पण थांबवता येईना. आईने बॅटरी बंद केली. अक्कांनी पुन्हा विचारलं, "एनंते?" या वेळी आईनेच कानडीत सांगितलं, "अवनिगे सुस्तागिदे." याला थकवा आलाय.

अक्का म्हणाल्या, "बेंगळूरनल्लि यारिगे सुस्तागिल्ला?" बंगळुरात थकलेलं नाही कोण? आणि खाली बसून पावट्याची सालं काढायला लागल्या. बायकोही त्यांच्यापाशी बसली. थोड्या वेळाने आईही.

सोमवारी आणि मंगळवारी मी रजा टाकली आणि झोपलो. उठायचो, जेवायचो, परत झोपायचो. कुणी उठवलं नाही. नोकरी मी सोडली नाही, ती सोडण्यासारखी परिस्थिती नव्हती. बुधवारी परत त्याच बसमध्ये बसलो. पण घरी आल्यावर बायकोला, आज तुझं कसं गेलं, असं विचारायला लागलो, आणि ती सांगायला लागली. एवढाच फरक पडला. तोही रोज पडतो असं नाही.

आईने त्यानंतर एक नियम केला. समोर माणूस आला की आधी विचारायचं, "नोड्ला?" बघू का? भाजीच्या गाडीवाला मान खाली घालून तोंड पुढे करायचा. इस्त्रीवाल्याने आपल्या बायकोला मुद्दाम आणून दाखवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूने काही तोंड पुढे केलं नाही. तो भेटला की आईच बाजूला होऊन वाट द्यायची. उन्हाळ्यात तो घर बदलून गेला.

या वर्षी तिची नजर आणखी उतरली. आता पिवळ्या उजेडातही तोंड दिसत नाही, नुसता गोल दिसतो. मी जास्त प्रखर दिवे लावून देऊ का म्हणालो, तर नको म्हणाली. ज्यांना बघायचं होतं त्यांना बघून झालंय, म्हणाली.

रविवारी मिरजेहून मावशीचा फोन येतो. आई स्पीकर चालू करून बसते आणि इथल्या माणसांच्या गोष्टी सांगते. परवा मी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो. अक्कांची हनुवटी झाली, भाजीवाल्याचं बसकं नाक झालं, इस्त्रीवाल्याच्या बायकोचे टपोरे डोळे झाले. मग मावशीने विचारलं, "आणि आपला पोरगा कसा आहे?"

आई म्हणाली, "तो होय? तो आता जरा बरा दिसायला लागलाय."

कित्येक महिन्यांत तिने माझं तोंड पाहिलेलं नव्हतं. मी नळ बारीक केला आणि पुढचं ऐकत राहिलो, पण मावशीने तोवर पावसाचा विषय काढला होता.